अकरावी वीट

“त्या काळात हनोईत कुणी कुणाची वीट हलवत नसे,” असं म्हणून गाईडबाईंनी काचेवर बोटाचं पेर दोनदा वाजवलं. “वीट म्हणजे माणूस. माणूस घरी गेला तरी त्याची वीट रांगेत उभी असायची. पोटात भूक होती, पण शेजाऱ्यावर विश्वास होता.” इथं त्या नेहमी थांबत असाव्यात, कारण त्या थांबल्या.

त्या विश्वासाकडे नीट बघावं म्हणून दिएपबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, आणि काचेच्या पेटीतल्या विटेवर त्यांना स्वतःचं नाव दिसलं.

निळी अक्षरं, शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवलेली, आणि त्या शेपटीच्या टोकाला पाच पाकळ्यांचं फूल. नाव दुसऱ्या एखाद्या दिएपचं असू शकलं असतं. फूल दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं.

चौथ्या इमारतीच्या ज्येष्ठ मंडळाची ही सहल होती. एकवीस माणसं, एकवीस लाल टोप्या. सकाळी साहित्य मंदिर उरकलं होतं. तिथल्या दगडी कासवांच्या डोक्यावरून हात फिरवला की परीक्षेत यश येतं, आणि फार हात फिरल्यामुळे आता भोवती कठडा आहे. तरी दोघा-तिघांनी नातवंडांसाठी कठड्यावर पोट टेकून हात लांबवून बघितला. कुणाचाच पोचला नाही. थोआबाईंनी कासवांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना इथं यायची घाई झाली होती. गेल्या हिवाळ्यात त्या मुलाकडे नव्या टॉवरमध्ये राहायला गेल्या, तेव्हा सुनेनं जुनं स्वयंपाकघर आवरताना त्यांची लोणच्याची बरणी या संग्रहालयाला देऊन टाकली. संग्रहालय रेशनच्या काळातल्या वस्तू मागतच होतं. बदल्यात चौकटीतलं प्रमाणपत्र आलं, आणि सुनेवरचा राग एका दिवसात मावळला. बसमध्ये थोआबाईंनी दिएपबाईंना चार वेळा सांगितलं होतं, “माझी बरणी काचेत ठेवलीय, ताई. दिवे लावलेत वरून. तू नुसती बघत राहशील.”

दिएपबाई बघत राहिल्या होत्या.

बरणी होती. तपकिरी, ओठाला टवका गेलेली. ती त्यांच्या चांगली ओळखीची होती. अडतीस वर्षं दर आठवड्याला त्यातलं मोहरीच्या पाल्याचं लोणचं वाटीभर त्यांच्याकडे येत होतं. आणि बरणीच्या शेजारी तिच्यातलं वजन, खालची बाजू वर करून मांडलेलं. पाटीवर तीन ओळी होत्या. वस्तू: लोणच्याची बरणी व रांगेची वीट. देणगीदार: श्रीमती थोआ, इमारत क्रमांक चार. रेशनच्या दुकानापुढे जागा धरण्यासाठी वापरलेली ही वीट पुढे लोणचं दाबण्यासाठी कामी आली. स्वच्छ करताना तिच्या तळाला एनॅमलच्या रंगातलं नाव आढळलं.

दिएपबाईंनी पाटी वाचली. मग, बिल तपासावं तशी, खालून वर पुन्हा वाचली.

तेव्हा त्या एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्यात ताटांवर फुलं काढत. दिवसाला चारशे ताटं. विटेवर खडूनं नाव लिहिणाऱ्यांची नावं पहिल्या सरीला वाहून जात, म्हणून त्यांनी आपलं नाव कारखान्यातल्या रंगानं लिहिलं, सवयीनं शेवटी फूल काढलं, आणि ताटांच्या शेवटच्या घाण्याबरोबर वीट भट्टीत घातली. फोरमन म्हणाला होता, “बाई, देश बुडाला तरी तुमचं नाव आता पुसायचं नाही.”

फोरमनचं खरं निघालं होतं.

वीट गेली त्या दिवशी सासऱ्यांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. गावाकडून बारा माणसं आली होती, आणि ताटात डुकराचं मांस नसेल तर गावाकडे त्याला श्राद्ध म्हणत नाहीत, नुसतं जेवण म्हणतात. दिएपबाईंनी उजाडायच्या आत दुकानापुढे वीट ठेवली. अकरावी. घरी येऊन मुलांना पेज घातली. साडेसातला परत गेल्या, तेव्हा अकराव्या जागी काठ उसवलेली एक पानांची टोपी होती आणि वीट कुठंच नव्हती. रांगेत सगळे पलीकडच्या गल्लीतले. वीट नाही तर बाई नाही, असं त्यांनी एकमुखानं सांगितलं. साडेआठला पाळी सुरू व्हायची होती, शेवटून रांग धरायला वेळ नव्हता. दिएपबाई रिकाम्या हातानं कारखान्यात गेल्या, आणि संध्याकाळी बारा पाहुण्यांपुढे टोफू ठेवला. सासूबाई त्यानंतर एकवीस वर्षं जगल्या. प्रत्येक पंगतीत, पहिला घास घ्यायच्या आधी, त्या म्हणत, “आमच्या ह्यांना वर टोफू पोचला हो.”

त्या संध्याकाळी पाठीवरून हात फिरवायला थोआ आली होती. पोराला ताप म्हणून दिवसभर घराबाहेर पाऊल टाकलं नाही, पण सकाळी गॅलरीतून तिनं बघितलं होतं: तळमजल्यावरचा लुआत, सायकली दुरुस्त करणारा, विटांपाशी सिगारेट ओढत उभा होता. एवढंच तिनं सांगितलं. बाकीचं दिएपबाईंनी जिन्यात उभं राहून सांगितलं, चारही मजल्यांना ऐकू जाईल असं. लुआतनं हातातला पान्हा खाली ठेवला आणि तो म्हणाला, “वहिनी, मी कुणाची वीट हलवलेली नाही.” ते त्याचं त्यांच्याशी शेवटचं वाक्य.

पुढं नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा चौथ्या मजल्यावरून त्याला पाठुंगळी घेऊन खाली उतरवलं ते लुआतनंच. दिएपबाईंनी मुलाला सांगितलं, काकांना थँक्यू म्हण. मुलगा म्हणाला. गेल्या वसंतात लुआत वारला. अख्ख्या इमारतीनं जाऊन उदबत्ती लावली. दिएपबाई तीन दिवस भाजीला मागच्या फाटकानं गेल्या. थोआ टॉवरमधून रिक्षानं आली, पाकीट देऊन आली, आणि पुष्पचक्रं किती होती ते वर येऊन दिएपबाईंना सांगून गेली. चहाबरोबर लोणचंही घेतलं होतं दोघींनी.

“आजी, काचेला हात नका लावू,” गाईडबाई म्हणाल्या.

“ही वीट माझी आहे.”

“हो आजी,” गाईडबाईंनी मायेनं मान हलवली. “ती आपल्या सगळ्यांचीच आहे.”

दिएपबाईंनी पिशवीतून ओळखपत्र काढलं आणि काचेला लावून धरलं, नावाखाली नाव येईल असं. गाईडबाईंनी आधी कार्ड वाचलं, मग वीट, मग पुन्हा कार्ड. त्यांचा चेहरा एकदम उजळला. सहा वर्षं त्या वस्तूंबद्दल बोलत आल्या होत्या. वस्तू चालत येऊन ओळखपत्र दाखवते, असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी पलीकडच्या दालनातल्या सहकाऱ्याला मोबाईल घेऊन बोलावलं. एकवीसातल्या अठरा लाल टोप्या पेटीभोवती गोळा झाल्या. गाईडबाईंनी माईक जवळ घेतला आणि जमलेल्यांना सांगितलं की आज आपण साक्षीदार आहोत. एका मैत्रिणीची वीट दुसऱ्या मैत्रिणीनं अडतीस वर्षं जिवापाड जपली. टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या मागं कुणीतरी म्हणालं, थोआताई पहिल्यापासूनच मोठ्या मनाची.

थोआबाई बरणीकडे बघत होत्या. टोपी डोक्यावरून काढून त्यांनी दोन्ही हातांत धरली होती आणि तिची कड बोटांनी गोल गोल फिरवत होत्या.

“आजी, विटेबद्दल दोन शब्द,” असं म्हणून गाईडबाईंनी माईक पुढं केला.

दिएपबाईंनी माईक घेतला. समोर चौथी इमारत उभी होती. जवळजवळ सगळी, त्या दिवशी जिन्यात कान देऊन उभी होती तीच, फक्त आता कानांत यंत्रं होती. त्यात लुआतची बायको नव्हती. गुडघ्यांमुळे ती सहलीला येत नसे. थोआ वर बघत नव्हती. एक वाक्य बोलायचं, की ही बाई उद्यापासून मंडळात पाय ठेवू शकणार नव्हती. आणि त्याच वाक्यातून जिन्यात कोण आणि कुणावर ओरडलं होतं, तेही ओघानं येणार होतं. सहकाऱ्याच्या मोबाईलवर लाल ठिपका लागला.

“लोणचं चांगलं व्हायचं,” दिएपबाई म्हणाल्या आणि त्यांनी माईक परत दिला.

या वेळी टाळ्या जास्त पडल्या.

जाताना त्यांनी गाईडबाईंना बाजूला घेऊन विचारलं, ते ‘कुणी कुणाची वीट हलवत नसे’ पाटीवर लिहिलंय, की तुम्ही मनचं सांगता? गाईडबाई म्हणाल्या, दारातल्या मोठ्या फलकावर आहे, तीन भाषांत, छापून पक्कं केलेलं. बदल करायचा तर नवा निधी लागेल.

बाहेर अंगणात खोटं रेशनचं दुकान उभं केलं होतं. खरं होतं त्यापेक्षा स्वच्छ. जाळीची खिडकी, वर दर लिहिलेली काळी पाटी, आणि खिडकीपुढं विटांची रांग, पर्यटकांना फोटो काढायला. विटा सिमेंटनं फरशीला चिकटवून टाकल्या होत्या. पहिल्या वर्षी लोकांनी चौदा उचलून नेल्या, असं रखवालदार मंडळाच्या चिटणिसांना सांगत होता.

दिएपबाई झाडाच्या पारावर टेकल्या. थोआबाई जरा वेळ उभ्या राहिल्या, मग त्याच पारावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसल्या. सवयीनं त्यांनी पिशवीतून डबा काढला, झाकणाला हात घातला, आणि तसाच परत आत ठेवला.

“ती टोपी तुझी होती,” दिएपबाई म्हणाल्या.

“हो.”

“का?”

“दुकानातल्या पोरीनं कानात सांगितलं, मांस अकरा जणांपुरतंच येणार म्हणून. तू अकरावी. मी बारावी.” थोआबाईंनी पारावरची मुंगी जाईपर्यंत वाट बघितली. “मलाही हवं होतं, ताई.”

“माझ्याकडे मागायचंस. निम्मं दिलं असतं.”

“बारा पाहुणे होते तुझ्याकडे. दिलं असतंस?”

दिएपबाईंनी चष्मा काढून पदरासारख्या ओढलेल्या ओढणीच्या टोकानं पुसला. तो स्वच्छच होता.

“फेकून का नाही दिलीस?”

“कुठं फेकू? तळ्यात टाकली असती तर कुणीतरी काढली असती. तुझं नाव पुसतही नव्हतं. राखेनं घासलं, वाळूनं घासलं. ते फूल तर आणखीच चमकायला लागलं.” थोआबाई थांबल्या. “मग बरणीत पालथी घातली.”

“आणि लुआत?”

“कुणाचं तरी नाव सांगायला हवं होतं. तू रडत होतीस. तो तळमजल्यावर राहायचा.”

त्यात कसलंही वैर नव्हतं. तळमजला होता, एवढंच. केसानं गळा कापायचा तर निदान कापणाऱ्याच्या मनात काही तरी असावं, असं दिएपबाईंना वाटून गेलं. समोर परदेशी पाहुण्यांचं एक कुटुंब विटांमागं उभं राहून भुकेले चेहरे करून फोटो काढत होतं. धाकटीला जमत नव्हतं, ती हसत होती.

“किती मिळालं?” दिएपबाईंनी विचारलं.

“काय?”

“मांस. माझ्या जागेवर उभी राहून किती मिळालं तुला?”

थोआबाईंनी टोपी गुडघ्यावर ठेवली. पहिल्यांदाच त्यांनी सरळ बघितलं.

“मांस आलंच नव्हतं, ताई. आठ वाजता खिडकी उघडली ती तेच सांगायला. गाडीच आली नाही. त्या दिवशी नुसतं नुओक माम होतं, माशाचा खारा रस.”

दिएपबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“हे तरी सांगायचंस,” त्या म्हणाल्या. “एकवीस वर्षं सासूचं ऐकलं मी. लुआतशी तो मरेपर्यंत बोलले नाही. एवढं एक सांगितलं असतंस, की मांस आलंच नव्हतं.”

“कसं सांगणार?” थोआबाई म्हणाल्या. “मी तर घरी होते ना. पोराला ताप होता.”

चिटणीस शिट्टी वाजवून सगळ्यांना फोटोसाठी खिडकीपुढं बोलावत होते. लाल टोप्या विटांच्या मागं उभ्या राहू लागल्या. ज्याला जी वीट हवी ती. अकराव्या विटेमागं कुणी तरी उभं होतं.

“मग नुओक माम तरी घेतलंस?”

“ते कशात घेणार?” थोआबाई उठल्या आणि त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. “माझ्याजवळ तुझी वीट होती.”

खिडकीवरच्या काळ्या पाटीवर, दरांच्या खाली, खडूनं लिहिलं होतं: नुओक मामसाठी बाटली घरून आणावी.