आघाडीची फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. चिंचवडच्या मुलींच्या कॉलेजात, मुरमाच्या मैदानाच्या टोकाला, लोखंडी खांबांवर मी उभी आहे. माझ्या पुढ्यात लोखंडी कडं आहे आणि त्याला एक विरलेली जाळी. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली मला 'बोर्ड' म्हणतात.

माझं मूळ मात्र एका खोक्यात आहे. पिंपरीच्या एका कारखान्यात परदेशातून मोठं यंत्र आलं. ते ज्या खोक्यातून आलं, त्याच्या फळ्या म्हणजे मी. यंत्र आत गेलं आणि मी भंगारात पडले. तिथून कॉलेजनं मला उचललं. सुतारानं तुकडे जोडले, पांढरा रंग दिला. खोक्यावर 'ही बाजू वर' असं सांगणारा काळा बाण होता. सुतारानं तो नेमका आडवा बसवला. त्यामुळे रंग उडाला की माझा बाण थेरगावकडे वाट दाखवतो, आणि मुली हसतात.

सुरुवातीची वर्षं हसण्यातच गेली. मुली ओढण्या कमरेला खोचून खेळत. चेंडू कड्यात कमी आणि कुंपणापलीकडे जास्त जाई. मग वासंतीबाई खेळ शिकवायला आल्या, आणि त्यांच्या मागोमाग कस्तुरा आली.

कस्तुरा पिंपरीच्या कामगार वसाहतीतली. वडील साहेबराव कारखान्यात फिटर, आई चिमाबाई घरी शिवणकाम करी. कस्तुरा इतकी उंच होती, की वर्गात तिला कायम शेवटच्या बाकावर बसवत. मैदानावर मात्र बाईंनी तिला माझ्या अगदी खाली, मधोमध उभं केलं. तिच्या एका बाजूला सांगवीची मृदुला, दुसऱ्या बाजूला अरुंधती. माझ्यावर आपटून परतलेला चेंडू या तिघींच्या हातून सहसा सुटत नसे. सराव संपला की कस्तुरा दोन पावलं धावून उडी मारी आणि माझ्या खालच्या कडेला बोटं लावी. टप्. दुसऱ्या कुणाचाही हात तिथवर पोचत नसे.

त्या हिवाळ्यात आमचा संघ अंतिम सामन्यात एका बास्केटनं हरला. मुली परत आल्या त्या रडवेल्या होऊन. बाईंनी त्यांना माझ्या सावलीत बसवलं.

"रडताय कशाला? तुम्ही तिघीही पुढच्या वर्षी आहात ना?" बाई म्हणाल्या. "अशी आघाडीची फळी दुसऱ्या कुठल्या कॉलेजकडे आहे, सांगा बरं मला."

'फळी' म्हटल्यावर क्षणभर मला वाटलं, त्या माझ्याबद्दलच बोलताहेत.

कस्तुरा डोळे पुसून हसली. "बाई, कपाला कपाटात जागा करून ठेवा. पुढच्या वर्षी तो आपलाच."

मे महिन्यात तिला कावीळ झाली. घरच्यांनी आधी साधा ताप समजून अंगावर काढला. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मला हे जूनमध्ये कळलं. मुली मैदानावर आल्या, चेंडू मधे ठेवून गोल करून उभ्या राहिल्या, आणि त्या दिवशी कुणीच खेळलं नाही.

पुढे सराव सुरू झाला, पण माझ्या खालची ती जागा रिकामीच राहिली. मृदुला सवयीनं तिथं पास देई. चेंडू मुरमावर एकटाच उड्या मारत जाई आणि ती हात तसेच पुढे धरून उभी राही.

पावसाळ्यात माझा एक नट सैल झाला. वारा आला की माझी खालची कड खांबावर आपटू लागली. टप्. नेमका तसाच आवाज.

पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मृदुलाच्या हातून चेंडू पडला. अरुंधतीनं तिचं मनगट धरलं. "ऐकलंस?" एवढंच ती म्हणाली, आणि दोघी निघून गेल्या. आठवड्याभरात साऱ्या कॉलेजात बोभाटा झाला, की कस्तुरा अजून खेळायला येते, बोर्डाला बोटं लावून जाते. मुली मैदानाला वळसा घालून जाऊ लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटे, अगं, तो वारा आहे! पण लाकडाला कुठली जीभ?

खरं सांगायचं तर, मित्रांनो, तो आवाज झाला की मीही खाली पाहत असे.

त्याच वर्षी माण गावची इंद्रायणी कॉलेजात आली. शेतकऱ्याची पोर, जवळजवळ कस्तुराएवढीच उंच. बाईंनी तिला मधे उभं राहायला सांगितलं, तर मृदुला चटकन म्हणाली, "तिथं नको. तिथं कुणी उभं राहत नाही."

"का बरं?" इंद्रायणीनं विचारलं. मुली वर माझ्याकडे पाहू लागल्या. ती बाजूला सरकली.

ही कुजबुज वसाहतीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दसऱ्यानंतर एका दुपारी चिमाबाई मैदानावर आली. मुली जागच्या जागी थिजल्या.

"कोण म्हनतं माझी कस्तुरा भूत झाली?" ती कडाडली. "आमी बाबासाहेबांची मानसं. भूत-पिशाच मानीत न्हाई आमी. आन् माझ्या पोरीनं जित्तेपनी कुनाला भ्या दाखवलं न्हाई, ती मेल्यावर दाखवंल व्हय?"

मृदुला रडू लागली. वासंतीबाई पुढे झाल्या, आणि तेवढ्यात वारा आला.

टप्.

चिमाबाईनं वर पाहिलं. तिचा राग चेहऱ्यावरून कुठल्या कुठे गेला. बराच वेळ ती माझ्या खालच्या कडेकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "पुन्हा वाजंल का वो, बाई?"

बाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. "नट सैल झालाय, चिमाबाई. मला केव्हाचं माहीत आहे. दुरुस्त करायला माणूस बोलवावा म्हणते, पण मन होत नाही."

"मग राहू द्या की."

दोघी मुरमावर बसल्या. आवाज आणखी एकदा झाला. चिमाबाईनं पदर तोंडाला लावला. मग तिची नजर कुंपणाला चिकटून उभ्या असलेल्या मुलींकडे गेली. इंद्रायणी सगळ्यांत मागे होती. चिमाबाई उठली.

"ह्यांना धाडते. पाना घिऊन येतील."

"चार दिवस जाऊ द्या ना," बाई म्हणाल्या.

"न्हाई. पोरी भित्यात. माझ्या लेकीच्या नावाला कुनी भ्यावं, ते मला चालायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी साहेबराव पहिली शिफ्ट करून थेट आले. पाना घेऊन शिडीवर चढले. नट आवळताना त्यांचा घाम माझ्यावर टपकत होता. काम झाल्यावरही ते उतरेनात. खालच्या कडेला बोटांच्या ठशांनी रंग काळपट झाला होता. तिथं त्यांनी आपला पंजा ठेवला आणि तसाच राहू दिला. मग म्हणाले, "आता न्हाई हालायची," आणि उतरले.

त्या दिवसापासून मी गप्प आहे. वारा येतो, जाळी हलते, बाकी काही होत नाही. मृदुला अजूनही वारा सुटला की थबकते. मलाही करमत नाही, पण ते सांगणार कुणाला?

त्याच आठवड्यात इंद्रायणी न विचारता मधे येऊन उभी राहिली. "मी हितं उभी ऱ्हाते. चालंल ना?" तिनं मृदुलाला विचारलं. मृदुलानं तिला पास दिला. सामने आता जवळ आले आहेत. 'कप आपलाच' असं बाई हल्ली म्हणत नाहीत. परवा मात्र तिघींना एका ओळीत पाहून त्या पुटपुटल्या, "फळी चांगली जमलीय." एवढं बोलूनही त्या दचकल्यासारख्या वाटल्या.

मित्रांनो, तुमच्या मैदानावर माझ्यासारखं काही जुनं असेल, तर त्याचे नट आवळत जा, गंज खरवडत जा. आणि तुमच्यातलं कुणी गेलं, तर त्याच्या नावाची भीती एकमेकांना घालू नका. ते नाव मोठ्यानं घ्या. कुठंतरी त्याची आई ऐकत असते.

चिमाबाई आता अधूनमधून सराव पाहायला येते. काल चेंडू माझ्यावर आपटून उंच उडाला, खाली येऊ लागला, आणि कुंपणापाशी तिचं भान सुटलं. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "कस्तुरे, हात वर!"

अरुंधती थांबली, मृदुला थांबली, बाईंच्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली.

इंद्रायणीनं वळून पाहिलं नाही. तिनं हात वर केला.