दहा मोजेपर्यंत

डॉ. गोगट्यांनी खोक्यातून संबोधीचं हृदय काढून टेबलावर ठेवलं. सहा वर्षांच्या पोरीच्या स्कॅनवरून हुबेहूब छापलेलं, मऊ प्लास्टिकचं. वरचा भाग झाकणासारखा निघाला. आतल्या पडद्याला भोक होतं.

"मांडीतल्या शिरेतून छत्री नेऊन हे बुजवायचं ठरलं होतं ना? काल यावर करून पाहिलं." त्यांनी जाळीची इवलीशी छत्री भोकात बसवली आणि टिचकी मारली. छत्री घरंगळून टेबलावर पडली. "खालच्या बाजूला कडच नाही. आता छाती उघडूनच शिवावं लागेल. पण मुलीला काही त्रास नाही, असं तुम्ही लिहून दिलंय. तसं असेल तर वर्षभर थांबू."

वर्षभर! संबोधीच्या आईला, दीपालीला, क्षणभर हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

शाळेच्या तपासणीत ठोके वेगळे ऐकू आले, तेव्हा फॉर्मवर 'त्रास नाही' हे तिनेच लिहिलं होतं. एम.एस्सी. झालेल्या बाईने, सुवाच्य अक्षरात. खरं लिहायचं तर आपण काय करत होतो, तेही सांगावं लागलं असतं. विश्रांतवाडीतलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. संबोधी दुसऱ्या मजल्यावर बसकण मारायची. "नाटकं पुरे. दहा मोजेपर्यंत वर ये," असं म्हणून दीपाली वरून मोजायची. एकदा तर खाली जाऊन पाठीत धपाटाही घातला होता.

"काय गं, जिने चढताना दम लागतो?" डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या संबोधीला विचारलं.

संबोधीने आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

ते पाहणं दीपालीला सोसवेना.

"लागतो," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. बसावं लागतं तिला. मी... मी मारायचे, डॉक्टर."

गोगट्यांनी चष्मा काढला. "इतकं मॉडेल छापलं आम्ही. 'दम लागतो' ही एक ओळ मात्र त्यात छापता येत नाही हो," ते कोरडेपणाने म्हणाले आणि कागदावरचं 'त्रास नाही' खोडलं. "थांबायचं नाही. पुढच्या आठवड्यात घेऊ."

दीपालीने मान हलवली. संबोधी मॉडेलच्या भोकात करंगळी घालून पाहत होती.

"आई, मग मी नाटक नव्हते करत?"

डॉक्टर आणि कोपऱ्यातली नर्स, दोघंही कागदांत डोकं घालून बसले.

"नाही," दीपाली म्हणाली. मग तिने ते पुन्हा, मोठ्याने म्हटलं.