नळापासून एकवीस पावलं

बाहेर रस्त्यावर गाड्यांचा कलकलाट. दर्ग्याच्या फाटकातून आत आलं की कानात बोळे घातल्यासारखी शांतता. लाँड्रीत आठवडाभर उभ्यानं इस्त्री करून मावशीच्या पायांचे खांब झाले होते. तरी सुट्टीच्या दिवशी ती यायचीच. जुन्या घुमटाखाली सूफी बाबा निजलेले, आणि पलीकडे कबरस्तानात तिचा नवरा, बसगाड्यांचा मेकॅनिक.

कबरी सगळ्या मातीच्या, एकसारख्या. त्याच्या नावाचा पत्रा कधीच गंजून गेला होता. पण मावशीची खूण पक्की होती. नळावर बाटली भरायची, घुमटाकडे तोंड करायचं आणि एकवीस पावलं मोजायची.

आज रखवालदार चुन्याची बादली घेऊन फिरत होता. सात वर्षं जिच्याकडे कुणी फिरकलं नाही, त्या कबरीवर फुली मारायची. तिथं पुढं नवा माणूस निजवायचा. जागाच उरली नव्हती. आपल्या कबरीवर फुली नाही हे बघून मावशीचा जीव भांड्यात पडला. पाणी घालता घालता तिनं रखवालदाराला एकवीस पावलांची हुशारी ऐकवली.

रखवालदार थबकला. नळ आठ वर्षांपूर्वी हलवला, म्हणाला. मावशी तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशननं तीन महिने आलीच नव्हती.

जुन्या नळाचा तुटका पाइप भिंतीशी अजून होता. दोघांनी तिथून पावलं मोजली. एकविसाव्या पावलाला पांढरी फुली, अजून ओली.

मावशी कबरीशेजारी बसली. आठ वर्षं घरातली सगळी गाऱ्हाणी तिनं परक्या माणसाला सांगितली होती.

"जन्मभर म्हणायचा, मला सोडून सगळ्यांशी बोलतेस," ती म्हणाली. "खरं करून दाखवलं बघ मी."

उरलेलं पाणी ओतून तिनं फुली हातानं पुसली. रखवालदारानं हरकत घेतली नाही. बादली उचलून तो मावशीनं मघाशी पाणी घातलेल्या कबरीकडे वळला. तिथं तर मावशी सोडून आजवर कुणीच आलं नव्हतं.

"तिला हात लावू नकोस," मावशी म्हणाली.

"नियम आहे, मावशी. तुमचं कोण ते?"

"कोणी नाही. पण आठ वर्षं मुकाट ऐकून घेतलंय त्यानं. मी येतेय ना? मग झालं."

रखवालदारानं बादली खाली ठेवली.

गुडघ्यावर हात टेकून मावशी कशीबशी उठली. बाटली रिकामी होती. आता दर खेपेला दोनदा भरावी लागणार. ती नळाकडे निघाली, यावेळी पावलं न मोजता.