सावटातलं भात

कामथडीत सावळारामचं भाताचं खाचर आहे आणि बांधावर त्याच्या थोरल्या भावाचा, गेनबाचा, आंबा आहे. झाड गेनबाच्या हिश्शात, सावली सावळारामच्या. वाटणीच्या वेळी जमीन वाटली, झाडं वाटली, भांडीसुद्धा वाटली, पण सावली वाटायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या सावलीतलं भात दरसाल खुजं राहतं, लोंबी धरली तरी निम्मी पोचट. आमच्याकडं ह्याला सावट म्हणतात. चंद्राला लागतं ते गिराण, ढगांनी ऊन धरलं की झाकोळ, पिकावर पडतं ते सावट. एवढे शब्द केले लोकांनी, पण माणसाखाली माणूस झाकला गेला तर त्याला शब्द नाही. त्याला नुसतं ‘बुवांचा भाऊ’ म्हणतात.

गेनबा म्हणजे गेनबाबुवा. कार्तिकात महिनाभर मारुतीच्या देवळात पहाटे काकडा असतो, त्यात पुढं बसून भूपाळ्या आणि गौळणी म्हणायचा मान त्याचा. नसरापुरापासून कापूरहोळापर्यंत त्याच्या गळ्याचं नाव होतं. सावळाराम त्याच्या मागं टाळ घेऊन बसायचा, बुवानं सोडलेली ओळ उचलायला. मागच्यानं पुढच्याच्या वर जायचं नाही, ही काकड्याची रीत. धाकट्यानं थोरल्याच्या वर जायचं नाही, ही घरची रीत. बिचारा दोन्हीकडून बांधलेला, आणि साठी उलटेपर्यंत त्याचं त्याला काही वाटलंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गेनबाचा गळा गेला. आजार नाही, वय झालं होतं. बोलायला ठीक, पण वरच्या पट्टीत गेला की सूर फाटायचा आणि नुसती हवा यायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा सावळारामनं विचारसुद्धा केला नाही. ओढ्यात पाय घसरलेल्या माणसाचा हात धरावा तसा त्यानं सूर धरला आणि पुढं नेला. एका आईची लेकरं, गळा सारखा, त्यात टाळमृदंगाचा दणका. कोण ओळखणार? दुसऱ्या दिवशी वरची जागा आली तसा गेनबानं डावा खांदा जरासा उचलला आणि सावळारामला काय ते समजलं. तेव्हापासून खांदा उचलला की बुवानं नुसतं तोंड उघडायचं आणि मागून भावानं गायचं, असं चालू झालं. ह्यावर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

ओळखलं ते फक्त सावळारामच्या बायकोनं, ठकुबाईनं. जन्मभर ज्याचं घोरणं ऐकलं त्याचं गाणं तिला ओळखू येणार नाही तर कुणाला? ती पहिल्या वर्षी हसली, दुसऱ्या वर्षी चिडली. गळा तुमचा आणि हार त्यांचा, हे तिचं पालुपद झालं. त्यात गेनबाच्या जावयानं, भोरला ऑफिसात असलेल्या विराजनं, काकड्याचा व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. ह्या वयात काय हा आवाज, म्हणून लोकांनी हात जोडले. व्हिडिओत गेनबा दिसतो, त्याचा फेटा दिसतो, आणि फेट्यामागं एक कोपर दिसतं. ते कोपर सावळारामचं. ठकुबाईनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि मोबाईल चुलीपाशी पालथा घातला.

सावळारामला राग असा येत नव्हता. तो थकला होता. दिवसा भातकापणी, रात्री जागल्यासारखी झोप, पहाटे उठून दोघांच्या वाटचं गायचं आणि उजाडल्यावर परत विळा हातात घ्यायचा. त्याला हार नको होता. आपण गातो आहोत हे कुणाला तरी एकदा कळावं आणि मग थांबता यावं, एवढंच त्याला हवं होतं.

काकड्याच्या शेवटी, काल्याच्या दिवशी गेनबाबुवाचा सत्कार करायचं गावानं ठरवलं. आदल्या संध्याकाळी ठकुबाई तांदूळ पाखडत बसली होती. पाखडता पाखडता ती शांतपणे म्हणाली, “उद्या गप बसा.”

“आन् आण्णा?” त्यानं थोरल्या भावाचं विचारलं.

“त्येंचं त्येंनी बघावं. गिराण तरी सुटतं वो, सावट न्हाई सुटत. झाड तोडाय न्हाई सांगत मी. एक दिस फांदी तरी बाजूला करा.”

सावळाराम विळा खुंटीला अडकवून आडवा झाला. त्याला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली, त्यावरून त्याचं ठरलं होतं असं समजायला हरकत नाही.

सकाळी देऊळ भरलं होतं. पुढं माईक, बाजूला मोबाईल धरून विराज, खुर्चीवर शाल आणि नारळ. गेनबानं शेवटची गौळण घेतली. खालच्या ओळी छान गेल्या. वरची जागा आली, डावा खांदा उचलला गेला. सावळारामनं टाळ वाजवला आणि तोंड मिटून घेतलं.

गेनबाचा सूर वर चढला, थरथरला आणि फाटला. माईकमधून फक्त श्वास ऐकू आला. खांदा पुन्हा उचलला गेला, ह्या वेळी जोरात. सावळाराम खाली चटईकडं बघत राहिला. आता लोक बुवाच्या मागं बघतील, आता कुणीतरी विचारील, असं त्याला वाटत होतं. टाळ एकेक करून थांबले.

तेवढ्यात पुढं बसलेल्या चंद्राबाईनं पदर डोळ्याला लावला. बुवांचा गळा दाटून आला गं, असं ती शेजारणीला म्हणाली आणि ते वाऱ्यासारखं देवळाभर गेलं. बायका रडायला लागल्या. बाप्यांनी हात जोडले. सरपंचांनी माईक घेऊन सांगितलं, की गाणारे पुष्कळ असतात, पण देवापुढं सूरसुद्धा विरघळावा, असं भाग्य बुवांचंच. शाल पांघरली, हार घातला. विराजचे डोळे ओले झाले होते आणि मोबाईल चालू होता. धाकटा गायला तेव्हा नाव आण्णाचं, गप्प बसला तेव्हाही नाव आण्णाचंच. सावळारामला हसू आलं, आणि त्या हसण्यानं त्याला आणखीच दमायला झालं.

ठकुबाई काल्याचा प्रसाद न घेताच घरी गेली.

दोघे भाऊ बांधावरून परतले. गेनबा पुढं, सावळाराम मागं, नेहमीसारखे. गेनबा आपल्या घराकडं वळला नाही. तो सावळारामच्या ओट्यावर येऊन बसला. गळ्यातला हार काढून त्यानं बाजूला ठेवला आणि खाचराकडं बघत बसला. आंब्याखालचं भात कापायचं राहिलं होतं.

“तू गप बसलास,” गेनबा म्हणाला.

“व्हय.”

“बरं केलंस. दोन सालं लोकांनी ऐकला त्यो गळा तुजा हाये. मला ठावं हुतं. बोललो न्हाई. बोललो आसतो तर मला कोण पुढं बसू देतंय? भ्या वाटायचं, सावळा.”

हे ऐकायला सावळाराम दोन वर्षं थांबला होता. ऐकलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त गुडघे दुखत असल्याचं जाणवलं आणि तो भावाशेजारी बसला. आयुष्यात पहिल्यांदा मागं नाही, शेजारी.

बोलण्याचा आवाज ऐकून ठकुबाई दारात आली. तिनं पदर सावरला आणि रोखून बघत नवऱ्याला विचारलं, “काय म्हणत्यात थोरलं भाऊजी?”

गेनबानं तिच्याकडं पाहिलं. तो सांगणार होता. त्यानं तोंड उघडलं, पण सूर फाटला आणि नुसती हवा आली. त्याचा डावा खांदा जरासा उचलला गेला.

आणि सावळारामच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “चा टाक म्हणत्यात.”