आप्पांनी माझ्यावर घातलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. तेर गावात, बंडप्पा कुंभारांच्या परसात माझं बिऱ्हाड. त्यांच्या वडिलांनी मला विटा-मातीनं रचलं. माठ, रांजण, पणत्या, काय काय म्हणून मी भाजलं! पुढं प्लास्टिकचे जार आले आणि माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्याचंही मला काही वाटेनासं झालं होतं.

मग एका संस्थेनं गावातल्या तरण्या पोरापोरींसाठी मातीकामाचा वर्ग काढला आणि बंडप्पा त्यांचे गुरू झाले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. इथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडतात तशा जुन्या घाटाच्या बाहुल्या ही मुलं घडवायची. त्यांत दैवशालाचा हात सरस. अठरा वर्षांची पोर, पण बाहुलीच्या ओठांवर असं हसू उमटवायची की आप्पा चष्मा पुसून पुन्हा बघत. तिच्या वडिलांनी, लिंबाजींनी, तिला आधीच बजावलं होतं, "वर्ग हाय तवर शीक. बंद पडला की लगीन."

तिसऱ्या वर्षी निरोप आला. संस्थेचे पाहुणे काम बघणार आणि मगच वर्ग पुढं चालवायचा की नाही ते ठरवणार. दैवशालानं त्यासाठी हातभर उंचीची बाई घडवली, कडेवर लेकरू घेतलेली. आप्पांनी सगळा माल माझ्यात रचून मला पेटवलं आणि तोंड मातीनं लिंपलं.

"पाहुणे परवा येनार हायत. तवर निवू द्या. म्या सांगितल्याबिगर कुनी हात लावायचा न्हाय."

पाहुणे दुसऱ्याच दिवशी दारात उभे! आप्पा नदीकडं माती आणायला गेलेले. पाहुण्यांना परतायची घाई आणि दाखवायला हातात काहीच नाही. शिजेपर्यंत दम निघतो, निवेपर्यंत निघत नाही म्हणतात. दैवशालानं माझं तोंड फोडलं. थांब गं बाई, असं ओरडावंसं वाटलं, पण भट्टीला कुठली जीभ? गार वारा आत शिरला आणि टण् टण् करत एकेक बाहुली तडकली. तिच्या बाईचे तर दोन तुकडे झाले.

तेवढ्यात आप्पा आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं आणि पाहुण्यांना हात जोडले. "पोरीची कायबी चूक न्हाय, साहेब. भट्टीच बिघडलीया."

इतक्या वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. तरी तिच्यासाठी मी तो आळ आनंदानं घेतला. दैवशाला मान खाली घालून तुकडे गोळा करत राहिली. पाहुणे म्हणाले, "भट्टीच कामाची नाही, तर वर्ग चालवायचा कशावर?" महिन्याभरात वर्ग बंद झाला, आणि त्याच उन्हाळ्यात दैवशालाचं लग्न लागलं.

आप्पा मागच्या थंडीत गेले. यंदा नागपंचमीला दैवशाला माहेरी आली, ती थेट माझ्याकडं. काळ्या विटांवर हात ठेवून हमसून रडली. "तू चांगलीच व्हतीस गं. म्याच घाई केली. तवाच बोलले असते तर..."

मित्रांनो, चूक कबूल करायला ती आली, पण ऐकायला आप्पा नव्हते, पाहुणे नव्हते. होते ती मी मुकी. झाकलेली चूक फार दूरवर जाळते हो, वेळीच बोलत जा. आता मला पाडून इथं पत्र्याचं शेड टाकायचं चाललंय. पाडा खुशाल. पण त्याआधी एकदा, तिच्या हातानं, मला पेटवून बघा.