जोतीरामचं मुकं कीर्तन

सिनेमात कीर्तन आहे म्हटल्यावर गोजरबाईंनी बारामतीच्या तंबूबाहेरच वहाणा काढल्या. देवाच्या नावापुढं पायताण घालून कसं बसायचं? त्यांचं बघून मागच्या बायकांनीही काढल्या. सून ठमाबाई मात्र दाराशीच घुटमळत होती.

सिनेमा तिच्या भावावर होता. लोणी भापकरचा जोतीराम. गावात त्याला येडा जोतीरामच म्हणायचे. मुक्या चित्रपटांच्या काळात या पठ्ठ्यानं रान विकून कॅमेरा आणला आणि टिपलं काय, तर अख्खं कीर्तन! "मुक्यानं आरती म्हणायची का रं?" लोक हसले. पडद्याशेजारी उभं राहून गायला एकही बुवा तयार होईना. तेव्हा नवी नवरी ठमा पदर खोचून उभी राहिली, गायली. गोजरबाईंच्या कळंबच्या घरची सून चारचौघांत बुवासारखी गाते! एकच गिल्ला झाला, खेळ उधळला. जोतीराम गाव सोडून गेला तो गेलाच. आणि गोजरबाईंनी त्या दिवसापासून घरात सुनेचं गाणं बंद केलं. जात्यावरची ओवीसुद्धा नाही.

आता भावाच्या माघारी मुंबईच्या कंपनीनं त्याच्या जिण्यावर बोलपट काढला होता. ते गाणं पडद्यावर आलं, तर सासू, आत्याबाई, भर तंबूत काय करतील? ठमाबाईला तेवढीच धास्ती होती.

खेळ सुरू झाला. आणि बघता बघता पडद्यावरची चिमुरडी ठमा पटकीनं मेलीच की! गोजरबाईंनी हंबरडा फोडला.

"आत्याबाई, मी हितं हाय!"

त्यांनी सुनेचा दंड चाचपला. "व्हय गं. पर मेली म्हणून दावलं न्हवं? घरी गेल्यावर आंघोळ करावी लागंल."

भावाच्या जीवनकथेतून ठमाबाईला पुसूनच टाकलं होतं. बरंच झालं म्हणावं, तर तेही मनाला पटेना.

मग ते कीर्तन आलं. जोतीरामनं टिपलेली खरी फीत. सिनेमात त्या फितीशेजारी उभी राहून पावडर थापलेली एक नटी डोळे मोडत गात होती. तंबू 'वन्स मोर' म्हणून ओरडला.

तोच गोजरबाई ताडकन उभ्या राहिल्या. "बंद कर ते मशीन! ही कोण सटवी?"

"म्हातारे, खाली बस!"

"तू बस मुडद्या! त्या दिशी माझी सून गायली व्हती. ही बघ, जिती हाय! निम्मा गाव उठून गेला, मी न्हाय उठले. डोळ्याचं पाणी खळत नव्हतं माझ्या."

ठमाबाईचा कानांवर विश्वास बसेना.

"मग घरात का गाऊ दिलं न्हाय?" गावच्याच कुणीतरी टोला हाणला.

"लोकांला भ्याले रं," म्हातारी म्हणाली. "तुज्यासारख्यांला."

मशीन थांबलं, पडदा पांढराफटक पडला.

"गा गं ठमा."

ठमाबाईनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तेव्हा गोजरबाईंनी टाळी धरली आणि फाटक्या आवाजात स्वतःच नामाचा गजर सुरू केला. सूर पार भलतीकडं चालला होता. देवाचं नाव असं भरकटताना ठमाबाईला ऐकवेना. तिनं पदर खोचला आणि सासूचा सूर वरच्यावर झेलला.