जानेवारीभर आठच पानं

मित्रांनो, मी एक जुना चष्मा बोलतो आहे. तपकिरी फ्रेम, जाड काचा आणि उजव्या काडीला पितळी स्क्रू. सोळा वर्षांपूर्वी श्रीरामपुरातल्या एका दुकानात माझा जन्म झाला आणि त्याच दिवशी मी दीनाबाईंच्या नाकावर बसलो. त्या तेव्हा प्राथमिक शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. माझ्या काचा आजवर तीनदा बदलल्या, फ्रेम मात्र तीच. काडी निखळली तेव्हा दीनाबाईंचे पती स्टीफनकाका यांनी ती घरीच बसवली. काका एसटी डेपोत मेकॅनिक होते. बसचं इंजिन हसत खोलणाऱ्या या माणसाला माझा इवलासा स्क्रू बसवताना घाम फुटला होता. मला त्या स्क्रूचा अभिमान आहे.

आमच्या घरचं वाचन दुपारचं. जेवणं झाली की ओट्यावर उन्हात दोन खुर्च्या मांडायच्या. दीनाबाई मोठ्यानं वाचायच्या, काका ऐकायचे. काकांना वाचता येत नव्हतं असं नाही. पण ते म्हणायचे, "तूच वाच गं. मी वाचलं की निस्ती अक्षरं दिसत्यात. तू वाचलं की मानसं दिसत्यात." दोघांचा एक नियम होता, लग्नापासूनचा. एकट्यानं पुढचं पान वाचायचं नाही. एकदा काका बहिणीकडे घोडेगावला चार दिवस राहिले, तर चारही दिवस पुस्तक बंद. मला इतका राग आला होता! गोष्ट ऐन रंगात आलेली आणि आम्ही भाजी निवडत बसलेलो.

रोज कुठवर वाचलं, तो पानाचा आकडा दीनाबाई कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायच्या, दुधाच्या खुणेशेजारी. महिना संपला की त्यावर बोट फिरवून सांगायच्या, "या महिन्यात अडीच पुस्तकं झाली." काका ते दूधवाल्याला ऐकवायचे, जणू सगळं त्यांनीच वाचलं होतं.

मग गेल्या वर्षी काका विसरू लागले. आधी गॅस बंद करायचा विसरले, पुढे चर्चमधून घरी यायचा रस्ता. स्मृती जात चालली आहे आणि गेलेली परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. दीनाबाईंनी ऐकून घेतलं आणि घरी येताना वाचनालयातून नवी कादंबरी आणली.

या जानेवारीत आमचं वाचन झालं ते त्या एकाच कादंबरीचं.

कादंबरीत एक माणूस चुकीच्या स्टेशनवर उतरतो आणि पाहतो तर हातात दुसऱ्याचीच ट्रंक. एक तारखेला आठ पानं झाली. काका खुर्चीत पुढे सरकून बसले होते. "त्या ट्रंकेत काय असंल गं?"

"उद्या कळेल," दीनाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नववं पान उघडलं. दोन ओळी झाल्या असतील. "ह्यो कोन मानूस?" काकांनी विचारलं. "आदी काय झालं ते तर सांग." दीनाबाईंनी मुकाट्यानं पहिलं पान काढलं. पुन्हा स्टेशन, पुन्हा ट्रंक, आणि पुन्हा काका पुढे सरकून, "काय असंल गं तिच्यात?"

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. कॅलेंडरवर आठ, आठ, आठ. दहा तारखेला कशी कोण जाणे अकरा पानं झाली. दीनाबाईंना केवढा आनंद झाला, संध्याकाळी त्यांनी शेवयांची खीर केली. अकरा तारखेला पुन्हा आठ.

त्यांची मुलगी प्रार्थना पुण्याहून दोन दिवस आली होती. तिनं कॅलेंडर पाहिलं. "आई, तू तुझं पुढचं वाचून टाक ना. पप्पांना काय कळणार आहे?"

"त्यांना नाही कळणार गं," दीनाबाई म्हणाल्या. "मला कळेल."

पण माणूस किती दिवस धीर धरणार? वीस तारखेला, आमटी उकळत असताना, दीनाबाईंनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच ते पुस्तक उघडलं आणि भराभर पानं उलटली. खरं सांगतो, किती वर्षं मी याची वाट पाहिली होती, आणि ते घडलं तेव्हा मला शरम वाटली. चाळिसाव्या पानावर ट्रंक उघडली. आत लहान मुलाचे कपडे होते, धुऊन घडी घातलेले. दीनाबाईंनी पुस्तक मिटलं. आमटी उतू गेली होती.

निदान ह्यांना एकदा कळू तरी दे, एवढंच त्यांच्या मनात असावं. कारण दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसताच, पुस्तक न उघडताच त्या म्हणाल्या, "अहो, त्या ट्रंकेत लहान मुलाचे कपडे होते."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुठली ट्रंक?"

दीनाबाई आत गेल्या आणि त्यांनी मला काढून तेलाच्या डब्यावर ठेवलं. बराच वेळ मी तिथं छताकडे बघत पडून होतो. त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता. मला करता येण्यासारखं काहीही नव्हतं. अक्षर धूसर झालं तर मी ते ठळक करून देतो, माझी विद्या तेवढीच.

त्यानंतर आकडे उतरत गेले. पाच. चार. तीन. काका मध्येच उठायचे, फाटक उघडून बघायचे, कामावर जायचंय म्हणायचे. दोनतीन चौकोन तर कोरेच राहिले. आणखी एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे. दीनाबाईंचे डोळे आता ओळींवरून फिरतच नव्हते. ती आठ पानं त्यांना पाठ झाली होती. त्या पुस्तक धरून काकांचा चेहरा बघत बोलायच्या आणि मी नाकावर उगाच बसलेला असायचो.

एकतीस तारखेला काका खूप शांत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाहुणे बसतात तसे बसले होते. एकदाही न उठता त्यांनी आठही पानं ऐकली. दीनाबाईंनी नववं पान उघडलं. इतक्या दिवसांनी त्या पुन्हा माझ्यातून बघत होत्या.

काकांनी हळूच हात वर केला. "थांबा ताई. तुमी लई छान वाचता. आमची दीना बी आसंच वाचती."

दीनाबाईंचं बोट नवव्या पानाच्या पहिल्याच ओळीवर थांबलं.

"पन पुढचं पान नका वाचू. ती घरात न्हाई. तिच्याबिगर पुढं जायचं न्हाई, आसं ठरलंय आमचं. तिला येऊ द्या."

"बरं," दीनाबाई म्हणाल्या. "येईल ती."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग ओट्यावरचं ऊन सरेपर्यंत दोघंही दीनाबाईंची वाट बघत बसले.

मित्रांनो, जुन्या वस्तूनं शेवटी काही शिकवण द्यावी अशी तुमची अपेक्षा असते. माझी एवढीच विनंती आहे. घरात कुणी "पुढचं वाच" म्हणालं, तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि वाचा. आम्ही वाचत होतो, रोज वाचत होतो. तरी ते पुरलं नाही.